भंतेजी रडले नाहीत

मी अर्हत झालो ही बातमी आमच्या गावात सोमाजीनं पसरवली. मला विचारलं नाही. विचारायची गरज त्याला कधी पडतच नाही. एस.टी.त कंडक्टर होता. माणूस कुठं उतरणार हे चेहरा पाहून ओळखायची सवय त्याला तेव्हापासूनची. आता तो विहार समितीचा अध्यक्ष आहे आणि माझं उतरायचं ठिकाणही त्यानंच ठरवून टाकलं.

अर्हत म्हणजे ज्याची तृष्णा संपली, जो दुःखाच्या पलीकडे गेला. हे काही पंचायत समितीचं तिकीट नव्हे, की चार जणांनी ठराव केला आणि मिळालं. पण सोमाजीकडे पुरावे होते. पूर्वी मी फार चिडका होतो, हे खरंच. वंदना चालू असताना कुणाचा मोबाइल वाजला की डोळे न उघडता मी त्याचं नाव घ्यायचो. भोजनदानात भाजी बिघडली की माझं तोंड वाकडं व्हायचं आणि ते अख्ख्या महिला मंडळाला दिसायचं. अलीकडे तसं काही होत नव्हतं. महिला मंडळाच्या कलाबाईनं एकदा वांग्याच्या भाजीत मीठच टाकलं नाही. मी मुकाट्यानं खाल्ली, तर ती घरी जाऊन कौतुकानं डोळे पुसत बसली म्हणे.

सगळ्यात मोठा पुरावा माझ्या आईचा. ती यंदाच्या उन्हाळ्यात घुग्घुसला वारली. तिच्या अंत्यविधीला मीच त्रिशरण-पंचशील दिलं, गाथा म्हटल्या, सगळं रीतसर पार पाडलं आणि संध्याकाळच्या वंदनेला परत गावात हजर झालो. डोळ्यांत टिपूस नाही. गावातली काही मंडळी सोबत आली होती, त्यांनी ते पाहिलं. तेव्हापासून लोक माझ्याशी जरा हळू आवाजात बोलू लागले.

खरी गोष्ट अशी, की माझ्या आतली वीज गेली होती.

चीवर घेऊन भिक्खू होण्याआधी मी घुग्घुसच्या एका कोळसा खाणीत पंपावर होतो. खाणीत पाणी झिरपतच असतं, ते उपसत राहायचं, एवढंच काम. तिथून मी धम्माकडे आलो आणि पहिली बरीच वर्षं फार चांगली गेली. पहाटे मूर्तीसमोर बसलो की गढूळ पाणी हंड्यात निवळावं तसं मन निवळायचं. मैत्री भावना करताना गावातल्या प्रत्येकासाठी, अगदी सोमाजीसाठीसुद्धा, छातीत खरोखर ऊब यायची. मग एका हिवाळ्यात ते थांबलं. भांडण नाही, आजार नाही, काही वाचून शंका आली असंही नाही. बसायचो, आणि समोर नुसता अंधार. गावातली वीज गेली की माणूस आधी शेजारच्या घराकडे पाहतो. त्यांचीही गेलेली असली की जिवाला बरं वाटतं. मी कुणाच्या घराकडे पाहणार?

नागपूरला माझे गुरू होते, फार थकलेले. त्यांना जाऊन सांगितलं. ते एवढंच म्हणाले, “बसत जा.” मला राग आला. एवढे धक्के खात मी आलो ते हे ऐकायला? पुढच्या वर्षी ते गेले, त्यामुळे आणखी काही विचारायचं राहूनच गेलं. मी बसत गेलो.

सोडून का दिलं नाही, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे भारी उत्तर नाही. भिक्खूला चीवर सोडायची मोकळीक असते. समजणाऱ्या माणसासमोर एक वाक्य बोललं की झालं, कुणी अडवत नाही. ते वाक्य मी मनात पुष्कळदा बोलून पाहिलं. दर वेळी वाटायचं, तथागतांनी सांगितलं ते खोटं नाही, मलाच दिसेनासं झालंय. आंधळ्यानं सूर्य नाही म्हणू नये. तेवढ्यात घंटा वाजवायची वेळ झालेली असायची आणि मी उठून घंटा वाजवायचो.

तेव्हा मी चिडत नव्हतो ते राग जिंकला म्हणून नव्हे. बिनमिठाच्या भाजीत मीठ नाही हे मला कळलंच नव्हतं. पण माणूस विरक्त झाला काय आणि आतून वाळला काय, बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

मनकर्णाचं घर विहाराच्या मागे, बोडीच्या अंगाला आहे. बोडी म्हणजे आमच्याकडचं धानाला पाणी देणारं लहान तळं. नवरा केव्हाच गेलेला. एकुलता मुलगा विक्की घुग्घुसकडे सिमेंटच्या कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली होता. पावसाळ्याच्या तोंडावर सुटीसाठी मोटारसायकलनं घरी येत असताना कोळशाच्या ट्रकनं त्याला उडवलं. मागे राहिली बायको खुशबू आणि नुकती पावलं टाकू लागलेली मुलगी साक्षी. त्याचाही विधी मीच केला. मनकर्णा जमिनीवर लोळून रडत होती. माझ्या गाथा तिच्या आवाजाखाली ऐकू येत नव्हत्या. मला त्यात वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर मला काहीच वाटलं नाही.

मग वर्षावास लागला. पावसाळ्याचे तीन महिने भिक्खूनं एका जागी राहायचं असतं. बायका पाळीपाळीनं भोजन आणतात, संध्याकाळी प्रवचन होतं. वर्षावासाच्या सुरुवातीलाच मनकर्णा पहाटे विहारात येऊन माझ्या मागे बसू लागली. पांढरं लुगडं, ताठ पाठ, मिटलेले डोळे. हूं नाही की चूं नाही. वंदना संपवून मी वळलो की तिचा चेहरा दिसायचा. त्यावरची एक सुरकुती हलत नसे. तरणाताठा पोरगा गेलेली बाई इतक्या लवकर अशी शांत होते? मला वाटलं, हिला सापडलं. मी इतकी वर्षं पुढं बसलोय आणि हिला मागं बसून सापडलं. मला तिचा हेवा वाटला. फार दिवसांनी मला काहीतरी वाटलं, ते हे.

भाद्रपदात एका दुपारी खुशबू आली. कडेवर साक्षी होती. आल्या आल्या तिनं वंदन केलं नाही.

“भंतेजी, तुमी माह्या सासूले काय शिकवून राह्यले?”

“मी काही शिकवत नाही. त्या येतात, बसतात, जातात.”

“मंग थे घरी अशी काऊन करते? पोट्टी आजी आजी करत तिच्या पायापाशी जाते, अन् थे हात लावत नाई. उचलत नाई. काल पोट्टी पायरीवरून पडली, कपाळ फुटलं. थे बाजूलेच बसून होती. उठली नाई. म्हंते, लोभ लावाचा नाई. लोभ लावला का दुःख येते.”

साक्षीच्या कपाळावर हळद लावली होती. ती माझ्या चीवराच्या टोकाकडे पाहत होती.

“रडतबी नाई,” खुशबू म्हणाली. “मौतीनंतर आठवड्यानं कलाबाईनं सांगतलं तिले. म्हणे, भंतेजीची माय मेली तं त्याईच्या डोयात पाणी आलं नाई, अन् तू एवढा धम्म आयकून गाईवानी हंबरून राह्यली. तवापासून बंद. पहिले डोकं आपटून रडे, मी धरून ठेवो. थेच बरं होतं, भंतेजी. आता घरात मले एकटीलेच रडा लागते.”

“मी बोलतो त्यांच्याशी.”

“तुमी सांगान तं थे आयकन,” ती म्हणाली आणि तशीच निघून गेली.

मला लाज वाटली. माझ्या आतल्या अंधाराचा आजवर कुणाला त्रास नव्हता, तो माझा खाजगी मामला होता. आता एक बाई त्यालाच धम्म समजून घरी घेऊन गेली होती, आणि तिच्या डोळ्यांदेखत एक लेकरू पायरीवरून पडलं होतं. तिला मुलगा परत मिळणार नव्हता. पण नात होती, आणि ती माझ्यापायी हातची जात होती.

त्याच आठवड्यात पौर्णिमा होती. आदल्या दिवशी सोमाजी आला आणि त्यानं मोबाइलवर मला फ्लेक्सचा नमुना दाखवला. माझा फोटो, मागे कमळ, आणि नावाच्या आधी ‘अर्हतपदप्राप्त’.

“हे छापू नका.”

“काऊन?”

“खोटं आहे म्हणून.”

“तुमी असंच म्हणान, हे मले मालूम होतं,” सोमाजी खूश होऊन म्हणाला.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. भिक्खूच्या हातून काही मोजके गुन्हे असे घडू शकतात, की त्यानंतर तो भिक्खू उरतच नाही. परत चीवर घ्यायलाही वाट नाही. जे मिळालं नाही ते मिळालं म्हणून सांगणं, हा त्यातला एक. चोरी आणि खून याच पंगतीला आहेत. मी तोंडानं काही म्हणालो नव्हतो. पण गाव म्हणत होतं आणि मी ऐकून घेत होतो. उद्या मनकर्णानं सरळ विचारलं असतं आणि मी नुसती मान हलवली असती, तरी संपलो असतो. मी सोमाजीला फ्लेक्स रद्द करायला लावला आणि पौर्णिमेला सगळ्यांसमोर बोलायचं ठरवलं.

पौर्णिमेला विहार भरला होता. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, बाहेर चपलांचा ढीग. पंचशील झाल्यावर मी माइक जवळ घेतला.

“मी अर्हत नाही,” मी म्हणालो. “मला ध्यानात काही मिळत नाही. पूर्वी मिळायचं, आता पुष्कळ वर्षं झाली, काही नाही. माझी आई गेली तेव्हा मी रडलो नाही, ते ज्ञानामुळे नव्हे. माझ्या आत कोरड पडली आहे. माझं पाहून कुणी आपलं रडणं थांबवू नका.”

मग पुढच्या रांगेतून कलाबाईनं हात जोडले आणि गदगदून म्हणाली, “साधु! साधु! साधु!” तिच्यामागून सगळा विहार म्हणाला, “साधु! साधु! साधु!”

सोमाजीनं माइक घेतला. “उथळ पाण्याले खळखळाट फार,” तो म्हणाला. “अन् इथी पाहा. इतके वर पोचले, पण तोंडानं कबूल करते का माणूस?”

माइक हिसकावून त्याच्याच डोक्यात घालावा असं मला वाटलं. तेवढा राग माझ्यात शिल्लक आहे हे पाहून जरा बरंही वाटलं, पण तो आला तसा निघून गेला. खांबापाशी मनकर्णा बसली होती. तीसुद्धा साधु म्हणाली होती. चेहरा तसाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या घरी गेलो. भिक्खू असा न बोलावता कुणाच्या घरी जाऊन बसत नाही, आणि बाईशी एकांतात तर मुळीच बोलत नाही. म्हणून मी घरापुढच्या छपरीत, रस्त्यावरून दिसेल असा बसलो आणि खुशबूला दारात थांबायला सांगितलं. मनकर्णानं चटई टाकली, तीनदा वंदन केलं आणि परत सुपात तांदूळ निवडू लागली. साक्षी आईच्या पदराआडून पाहत होती.

“मनकर्णाबाई, काल मी बोललो ते खरं होतं.”

“जी. कलाबाई म्हणे, मोठे माणसं असंच बोलतेत.”

प्रवचनात मी पुस्तकातली भाषा बोलतो. ती मी तिथं सोडून दिली.

“कलाबाईले राहू द्या बाजूले. मी तुमाले सांगून राह्यलो. मी पहाटे बसतो तवा मले काई होत नाई. शांती नाई, सुख नाई. नुसता अंधार रायते.”

ती निवडत राहिली. मग बोटं थांबली.

“काईच नाई?”

“काईच नाई.”

“मले तं विक्की दिसते,” ती म्हणाली. “डोये मिटले का थोच. हेल्मेट हातात घेऊन उभा रायते. मंग मी दात चावते अन् त्याले भायेर घालवते. तुमच्या पाठीकडं पाहते अन् घालवते. तुमी एवढे गच्च बसता. मले वाटे, तुमीबी तुमच्या मायले असंच घालवलं असन.”

“मी नाई घालवलं, बाई. थे आलीच नाई.”

मनकर्णानं पहिल्यांदा वर पाहिलं.

“मंग सांगतलं काऊन नाई?” तिचा आवाज चढला. “इतके दिवस मी तुमच्या मागं बसून राह्यली. माह्या लेकाले मी रोज हाकलून राह्यली, भंतेजी! रोज! थो येते अन् मी त्याले दारातून हाकलते. अन् हे पोट्टी...” तिनं साक्षीकडे हात केला आणि पुढं बोलली नाही.

खुशबूनं मान खाली घातली होती. रस्त्यावरून मोहर्लीच्या जंगलाकडे जाणारी पर्यटकांची एक जिप्सी गेली, तिच्या चाकांचा चिखल अंगणात उडाला.

मग मनकर्णा खालच्या आवाजात म्हणाली, “तुमची माय कशी होती?”

हे मला कुणीच विचारलं नव्हतं. अर्हताला काय विचारायचं?

मी सांगू लागलो. माय बुटकी होती, काळी, आवाज मोठा. रेल्वेच्या सायडिंगवर कोळशाच्या टोपल्या वाहायची. मी चीवर घेतलं तेव्हा महिनाभर बोलली नाही, मग एकदम मान्य केलं. त्यानंतर मी कधीही घरी गेलो की ती मला वंदन करायची, जमिनीला कपाळ टेकवून, तीनदा. भिक्खूनं गृहस्थाला वंदन करायचं नसतं, मग ती आई का असेना. म्हणजे तिनं वाकायचं आणि मी ताठ बसायचं.

“तिचे गुडघे गेले होते,” मी म्हणालो. “मी म्हणो, माय, एकडाव केलं तरी चालते. थे म्हणे, तुह्यासाठी नाई करत रे बावा, चीवरासाठी करते. अन् मंग भिंतीले धरून उठे.”

“अन् गेली तवा?”

“गेली तवा सगळे तिच्या पाया पडले. शेजारचे पडले, खाणीतले लोक पडले. मी गाथा म्हणत उभा होतो. पाय माह्यासमोरच होते. टाचेले भेगा होत्या. मी नाई पडलो.”

“हात बी नाई लावला?”

“नाई.”

मनकर्णानं सूप खाली ठेवलं. आधी तिची हनुवटी हलली. मग ती रडू लागली, भर रस्त्याला ऐकू जाईल एवढ्यानं. “माय वो,” ती म्हणत होती, “माय वो, तुह्या लेकाचा हात नाई लागला वो तुह्या पायाले.” ती विक्कीसाठी रडत नव्हती, निदान सुरुवातीला तरी नाही. माझ्या आईसाठी रडत होती, जिला तिनं कधी पाहिलंही नव्हतं. मग केव्हा तरी आईचं नाव मागं पडलं आणि विक्कीचं सुरू झालं. खुशबू येऊन तिला बिलगली. साक्षी घाबरून रडायला लागली आणि रडत रडत आजीच्या मांडीवर चढली. मनकर्णानं तिला असं आवळलं की पोरीचा आवाजच दबला.

आवाज ऐकून कलाबाई गल्लीतून धावत आली. “अवो मनकर्णा, भंतेजी बसले हायेत ना समोर! काऊन असं...”

“बसा, कलाबाई,” मी म्हणालो. “रडू द्या त्याईले.”

कलाबाई बसली. माझ्याकडे पाहत राहिली. माझ्या तोंडावर तिला हवं होतं ते दिसलं असावं, कारण तिचे हात जोडले जाऊ लागले. मी म्हणालो, “साधु म्हणाल तर बघा.” तिनं हात खाली घेतले.

मी वाट पाहिली. आता मलाही येईल असं वाटत होतं. रडण्याविरुद्ध नियम आहे का, हेसुद्धा मनात तपासून झालं. पण आलं नाही. माझ्या आईसाठी रडायचं होतं ते दुसरीच बाई रडत होती, आणि मी कोरड्या डोळ्यांनी समोर बसलो होतो. मला फार वाईट वाटलं की मला वाईट वाटत नाही. बारा वाजून गेले. बारानंतर भिक्खूला जेवता येत नाही, त्यामुळे त्या दिवशीचं जेवण राहिलं.

मनकर्णाचा आवाज बसल्यावर ती पदरानं नातीचं नाक पुसत म्हणाली, “भंतेजी, तुमाले येत नसन तं राहू द्या. तुमच्या मायसाठी रडाचं माह्याकडं लागलं.”

“बरं,” मी म्हणालो.

मी निघालो तशी ती वंदनाला उठू लागली. मी नको म्हणालो, पण तिनं ऐकलं नाही. पोरीला खाली न ठेवताच ती वाकली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी घंटा वाजवली आणि मूर्तीसमोर बसलो. मागं कुणी नव्हतं. डोळे मिटले, समोर नेहमीचंच होतं. थोड्या वेळानं बोडीच्या अंगानं मनकर्णाचं रडणं ऐकू येऊ लागलं. ती विक्कीचं नाव घेत होती की माझ्या आईला हाका मारत होती, ते भिंतीपलीकडून कळत नव्हतं. मी श्वासावरचं मन काढून त्या आवाजावर ठेवलं. आत काही उजळलं नाही. ती थांबेपर्यंत मी बसलो.